शेवटचा भाग न ऐकणारे शेठ

शेठनी आयुष्यात एकाही मालिकेचा शेवटचा भाग ऐकला नव्हता, आणि हे ते चारचौघांत मोठ्या तोऱ्यात सांगायचे. मोबाइलवर ऐकायच्या गोष्टींचं त्यांना विलक्षण वेड होतं. शेकड्यांनी भाग असलेली मालिका तहानभूक विसरून ऐकायची, आणि शेवटचा एक भाग उरला की ती तिथंच सोडून नवी धरायची. अशा कितीतरी गोष्टी त्यांनी वेशीपर्यंत आणून सोडल्या होत्या. कुणी कारण विचारलं तर म्हणायचे, "शेवटाला काय आसतंय? एकतर त्यो परत येतोय, न्हाईतर येत न्हाई. मला दोन्ही सोसत न्हाई."

हा 'त्यो' म्हणजे एकच एक माणूस नव्हे. शेठ ऐकायचे त्या सगळ्या गोष्टींतला नायक. तो आपल्यासारखाच कुणीतरी साधा माणूस असतो. रस्ता ओलांडताना ट्रकखाली येतो आणि डोळे उघडतो तो भलत्याच जगात. तिथं आकाशात दोन चंद्र असतात, राजे असतात, जादू असते, बोलणारी जनावरं असतात. त्याला तिथं कुणी ओळखत नाही, आणि तरीही, किंवा त्यामुळंच, तो तिथं मोठा होतो. हा प्रकार मूळचा जपानी. तिकडं त्याला 'इसेकाई' म्हणतात, म्हणजे दुसरं जग. शेठ त्यांना 'ट्रकच्या गोष्टी' म्हणायचे. आणि वर सांगायचे, "मलाबी ट्रकनंच न्हेलं."

ते खोटं नव्हतं. विट्याच्या आजूबाजूचा हा सगळा कमी पावसाचा पट्टा. इथली माणसं पिढ्यान् पिढ्या सोनंचांदी गाळायच्या धंद्यात देशभर गेलेली. भारतातल्या कुठल्याही शहरात सराफांच्या गल्लीत जा, गलाईच्या दुकानात आपल्याकडचा माणूस भेटतोच. शेठ मिसरूड फुटायच्या आधी द्राक्षांच्या ट्रकमध्ये बसून दक्षिणेला गेले ते थेट कुंभकोणमला उतरले. गावच्या एका माणसाच्या दुकानात भट्टी फुंकायला लागले, पुढं स्वतःचं दुकान टाकलं. सगळी उमर तिकडंच गेली. मुलगा दहावी झाल्यावर त्यांच्याकडं गेला, त्यानं धंदा हातात घेतला आणि मग शेठ गावी परतले. बायको मात्र आयुष्यभर गावातच होती. अंथरुणाला खिळलेली सासू, दोन म्हशी आणि थोडी जिरायत जमीन सोडून ती जाणार कुठं.

मी तेव्हा विट्याच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर मराठी शिकवत होते. मूळची मी लोणंदची. जवळच्याच गावात शेठच्या घराचा वरचा मजला मला भाड्यानं मिळाला, आणि पहिल्याच दिवशी त्यांनी मला बजावलं की खोलीतला केर बाहेर टाकायचा नाही, जिन्याच्या पायरीवर ठेवायचा. मला वाटलं स्वच्छतेचा काही नियम असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर हे उकिडवे बसून माझा केर बोटांनी पसरून बघताहेत. सराफाच्या दुकानातला केर गाळला की त्यातून सोनं निघतं, गलाईवाले तो केर विकत घेतात. इतकी वर्षं तेच केलेलं, त्यामुळं कुठलाही केर न बघता टाकायचा म्हणजे त्यांच्या जिवावर यायचं. माझ्या केरातून त्यांना टिकल्या, सेफ्टी पिना आणि खडूचे तुकडे मिळाले. एकदा मात्र माझ्या कानातल्याची फिरकी त्यांनी तळहातावर ठेवून माझ्यापुढं धरली. ती हरवल्याचं मला अजून कळलंही नव्हतं. त्या दिवसापासून मी केराबद्दल तक्रार करणं सोडून दिलं.

त्यांचा दुसरा विक्षिप्तपणा उमजायला मला वेळ लागला. शेठ स्वतःच्या गावात पाहुण्यासारखे राहायचे. परतून बरीच वर्षं झाली होती, तरी गावातल्या माणसांना ते "तुमच्याकडं ऊन लय" असं म्हणायचे. घरात तांब्या कुठं असतो हे त्यांना ठाऊक नव्हतं. काकींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, ते अगदी अदबीनं विचारायचे, "पाणी मिळंल का?" या भागातल्या गावांत घरोघरी कुणीतरी फौजेत, कुणीतरी गलाईत. त्यामुळं परगावाहून आलेला माणूस दिसला की लोक एका दमात दोन प्रश्न विचारतात, कवा आलास आणि कवा जाणार. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. शेठना हे प्रश्न अजूनही विचारले जायचे, आणि ते अजूनही उत्तर द्यायचे, "बघू, पोरगं बोलवतंय." मुलाचा फोन खरंच यायचा. बाबा, दुकानात नुसते येऊन बसा म्हणायचा. काकी चुलीपाशी हे सगळं ऐकत असायच्या आणि त्यातल्या एका शब्दावरही बोलायच्या नाहीत.

आता माझ्याविषयी थोडं. तासिकांवर कुणाचं भागत नाही, म्हणून मी एका कंपनीसाठी ऐकायच्या मालिका लिहीत असे. पुण्याहून एक अत्यंत सभ्य तरुण फोन करायचा आणि काय चालतंय ते सांगायचा. एके दिवशी त्यानं सांगितलं, इसेकाई पाहिजे. मी मनातल्या मनात कपाळाला हात लावला आणि लिहायला बसले. माझा नायक आष्ट्याचा. गुऱ्हाळावर रसाची काहील कधी उतरवायची हे ज्याला कळतं त्या गुळव्याचा मुलगा. ट्रकऐवजी मी त्याला उसाच्या ट्रॉलीखाली घातला. ट्रॉलीखाली सायकल सापडते, पोरगं सापडत नाही. ते गेलेलं असतं अशा राज्यात, जिथं राजघराण्याबाहेर कुणी गोड चाखलेलंच नाही. पोरगं तिथं गूळ करतं आणि पुढं मग सेनापती, कारस्थानं, एक जादू येणारी मुलगी, सगळं यथासांग. टोपणनावानं लिहायचे. कॉलेजात कुणाला कळलं असतं तर मी राजीनामाच दिला असता.

एका दुपारी गच्चीवर कपडे वाळत घालताना खालून माझंच वाक्य ऐकू आलं. शेठ ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते आणि मोबाइल पूर्ण आवाजात चालू होता. गोठ्यातल्या म्हशीसुद्धा माझी मालिका ऐकत होत्या. मी खाली गेले आणि अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, गोष्ट कशी आहे.

"गोष्ट बरी हाय," शेठ म्हणाले. "पर लिवणाऱ्यानं कवा घर सोडल्यालं न्हाई."

मला ते चांगलंच झोंबलं. कशावरून म्हणता, असं विचारलं. त्यावर ते म्हणाले की पोरगं तिकडं डोळे उघडतं आणि लगेच तिथली बोली बोलायला लागतं, हे कुठं असतं का. ते स्वतः कुंभकोणमला उतरले तेव्हा कितीतरी महिने त्यांना एक अक्षर कळत नव्हतं. पहिला शब्द शिकले तो 'पोदुम', म्हणजे पुरे. कारण खानावळीतली बाई भात वाढतच राहायची आणि तिला थांबवायचं कसं हे माहीत नव्हतं. पोट फुटायची वेळ आली तेव्हा शेजारच्या पंगतीतल्या माणसाचं बघून तो शब्द तोंडातून निघाला. "भाषा न्हाई म्हंजे माणूस न्हानगं हुतंय," ते म्हणाले. "लोक मोठमोठ्यांदा बोलत्यात तुमच्यासंगं. भैऱ्यासंगं बोलल्यागत."

मी वर गेले आणि माझ्या नायकाची वाचा काढून घेतली. आठवडाभर तो राजवाड्यात नुसता हातवारे करत हिंडला. पुण्याचा सभ्य तरुण पहिल्यांदाच जरा कमी सभ्य आवाजात बोलला. पण मग ऐकणाऱ्यांची पत्रं यायला लागली. कुणी आखातातून, कुणी चेन्नईहून, कुणी सरहद्दीवरून लिहीत होतं की माझंही असंच झालं होतं. तेव्हा कुठं मी शेठना सांगितलं की ती लिहिणारी मीच. त्यांनी माझ्याकडं थोडा वेळ बघितलं. कौतुक नाही, आश्चर्य नाही. सरळ विचारलं, "मग ती जादूवाली पोरगी मरनार हाय का?" मी सांगितलं नाही तर दोन दिवस माझ्याशी अबोला धरला.

एकदा मी त्यांना विचारलं होतं की या वयात या पोराटोरांच्या गोष्टी का आवडतात. शेठ शेंगा फोडायचे थांबले. म्हणाले, गावात माणूस जन्मायच्या आधीच गावाला तो ठाऊक असतो. कुणाचा नातू, आज्यानं काय उद्योग केले, बांध कुणाशी भांडतो. "तिकडं उतरलो तवा मी कुणाचाच न्हवतो. रातभर भ्या वाटलं. सकाळी उठलो आन ध्येनात आलं, हितं आपून कसंबी आसू शकतो." एवढं बोलून ते पुन्हा शेंगांकडं वळले. त्यांच्या चेहऱ्यावर मी तेव्हा जे पाहिलं ते मला फार आवडलं होतं, आणि अजून आठवतं.

काकी आतून सगळं ऐकायच्या. ऐकायच्या म्हणजे काय, त्या आवाजात न ऐकून करतात काय. एके संध्याकाळी मी ताक न्यायला खाली गेले तर भाकरी थापता थापता त्यांनी विचारलं, "त्या पोराच्या आईला कोण सांगितलं?"

मला आधी कळेचना. मग मी त्यांना समजावलं की या गोष्टींची रीतच अशी असते. नायक एकदा दुसऱ्या जगात गेला की पहिलं जग संपलं.

"त्याच्यापुरतं संपलं," काकी म्हणाल्या. "तिचं कुठं संपलंय? तिनं सांजच्याला त्याच्या वाटणीच्या भाकरी थापल्या आसत्याल की."

ताक तिथंच विसरून मी वर आले. मी त्या आईचे काही भाग लिहिले. आष्ट्यातलं घर, गुऱ्हाळाचा हंगाम, ट्रॉलीचा आवाज आला की दारात येऊन उभी राहणारी बाई. लोक म्हणताहेत पोरगं गेलं, आणि ही म्हणते, सायकल गेली. मला वाटतं मी लिहिलेल्यात तेच सगळ्यात बरं होतं. शेठनी मात्र त्याला हात लावला नाही. आईचा आवाज सुरू झाला रे झाला की त्यांचा अंगठा भाग पुढं ढकलायचा.

"हिला कशाला घातलीया मधीच," ते एकदा वैतागून म्हणाले. "गोष्ट तिकडची हाय."

"तिकडची आसंल," आतून काकींचा आवाज आला. "पर निघाली हितनं."

शेठ मोबाइल उचलून शेताकडं निघून गेले. त्या घरात एवढंच काय ते भांडण मी ऐकलं. त्या दिवशी मला समजलं की काकी एवढी वर्षं एकाच गोष्टीची वाट बघताहेत. नवरा घरी आलाय की सुट्टीवर आलाय, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं.

काही महिन्यांनी कंपनीनं कळवलं की मालिका संपवा. एकच भाग उरला. ही बातमी मी शेठना सांगितली आणि आमच्यात वाद पेटला. शेठ मला जिन्यात अडवून म्हणाले, शेवट करूच नका. त्या पोराला दोन जगांच्या मधल्या दाराशी उभा करा आणि सोडून द्या. मी मास्तरकीला जागून त्यांना सांगितलं की गोष्टीला शेवट लागतो, ऐकणारा त्याच आशेवर एवढे भाग ऐकतो.

"तुमास्नी वाटतंय शेवट केला की माणूस मोकळा हुतोय," ते म्हणाले. "शेवट केला की एक जग मरतंय वो. आता दोन्ही जित्ती हायत."

दुसऱ्या दिवशी काकी वर आल्या. मी राहायला आल्यापासून त्यांनी तो जिना चढलेला मी पाहिला नव्हता. पलंगाच्या कडेला टेकल्या, पदरानं तोंड पुसलं. "त्याला घरी आण पोरी," म्हणाल्या. "मला कळतंय, खोटी गोष्ट हाय. तरीबी आण."

मी आणलं. पोरगं संध्याकाळी दारात येऊन उभं राहतं. आई बघते. कवा जाणार हा प्रश्न तिच्या ओठांवर येतो, आणि ती तो गिळून टाकते. ताट वाढायला घेते. तिथं मालिका संपवली.

भाग आला त्या दिवशी काकींनी मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि माझ्याच मोबाइलवर तो लावायला सांगितला. शेठ ओट्यावर होते. हा शेवटचा भाग आहे हे त्यांना पक्कं माहीत होतं. मला वाटलं, उठून जातील. ते उठले नाहीत. आमच्याकडं पाठ करून बसून राहिले. भाग संपला. काकींनी परातीतल्या पिठातून हात काढला. मग उठल्या, उंबऱ्यापाशी गेल्या आणि गावातल्या प्रत्येकानं शेठना विचारलेला आणि फक्त काकींनी जन्मात न विचारलेला प्रश्न त्यांनी विचारला.

"आवं, तुमी कवा जाणार?"

शेठ वळले नाहीत. नेहमीचंच पुटपुटले, पोरगं बोलवतंय, बघू.

"बघू न्हाई. दिवस सांगा. मीबी येती."

आता शेठ वळले. मी त्यांना इतकं गडबडलेलं कधी पाहिलं नव्हतं. तू तिकडं काय करणार, ऊन किती असतं, भाकरी मिळत नाही, सारखा भात, भाषेचं काय करशील, त्यांनी एकामागून एक सगळं काढलं.

"ठावं हाय मला," काकी म्हणाल्या. "रोज ऐकतीया की, मोठ्यांदा." आणि मग जरा हळू, "उमरभर तुमी कुठं हुता ते एकदा बघू तरी द्या मला."

गावची जत्रा झाल्यावर ते दोघं गेले. सासू तर केव्हाच वारली होती. जमीन भावकीत वाट्यानं दिली, म्हशी शेजाऱ्यांनी घेतल्या. निरोप द्यायला मी एसटी स्टँडवर गेले होते. काकी नवं लुगडं नेसल्या होत्या आणि त्यांनी खिडकीची जागा धरली होती. शेठ त्यांच्या शेजारी अंग चोरून बसले होते. माझं कॉलेजही पुढं सुटलं आणि मी साताऱ्याला आले. आता मी शाळेत शिकवते. मालिका लिहीत नाही.

काकींचा फोन येतो. सुरुवातीला महिन्यातून एकदा यायचा, आता त्यांना वेळ नसतो. तिथल्या बायका त्यांना हाताला धरून बाजारात नेतात. एकदा गावातल्या मोठ्या तळ्यापाशी त्या वाट चुकल्या, कुणाला काही सांगता येईना, तर एका फुलवालीनं त्यांना आपल्याजवळ बसवून घेतलं आणि दोघी दिवसभर गजरे गुंफत बसल्या. "हितं मी कुणाची सून हाय ते कुणाला ठावंच न्हाई," असं त्या मला हसून सांगत होत्या. "लय हलकं वाटतंय बघ." शेठचं मात्र तिथं मन लागत नाही. दुकानात आता यंत्रं आली आहेत, त्यांच्या वेळचं गल्लीत कुणी उरलं नाही, गावाकडं जाऊ म्हणतात. काकींनी त्यांना सांगून टाकलंय की तुम्ही पुढं व्हा, मी येते मागनं. ते काही एकटे जात नाहीत.

गेल्या आठवड्यात मी फोन केला तर शेठनी उचलला. काकी दुपारच्या बाहेर गेल्या होत्या आणि मोबाइल घरीच विसरल्या होत्या. तिला वेळेचं भान राहत नाही, सांगून जात नाही, आता दिवे लागायची वेळ झाली, असं ते सारखं सांगत होते. कुठं बसलाय म्हणून विचारलं तर म्हणाले, दारातच. मी म्हटलं, येतील की. मागून रस्त्यावरच्या गाड्यांचे आवाज तेवढे येत होते.

"मॅडम," मग ते म्हणाले, "त्या पोराची आई दारात हुबी ऱ्हायची, त्ये भाग तुमी लिवलं हुतं न्हवं?"

मी हो म्हटलं.

"त्ये मला लावून द्या," शेठ म्हणाले. "पयल्यापासनं."